पुरळाचा वार

रक्तासाठी आणलेल्या रिकाम्या नळीवरच्या चिठ्ठीचा कोपरा पुन्हा सुटला होता—नर्स मैत्रेयीने तो अंगठ्याने दाबला, आणि दाबता दाबता तिला स्वतःचाच संताप आला. मागच्या शुक्रवारी साधा एक वार नीट विचारता आला नाही तुला! ‘कधीपासून?’ एवढंच विचारलंस... पोरीची आजी मानीबाई म्हणाली सोमवारपासून, आणि पुरळाच्या रकान्यात सोमवार लिहून तू मोकळी. सोमवारी नातीला ताप आला होता. पुरळ उठलं गुरुवारी—हे काल पोरीच्या बापाने, हरिसिंगने, फोनवर सहज बोलता बोलता सांगितलं. म्हणजे रक्त घेतलं ते दुसऱ्याच दिवशी. आणि पहिले तीन दिवस गोवर रक्तात सापडेलच असं नाही, हे नव्या मुलींना शिकवते कोण, तर मीच!

रिपोर्ट निगेटिव्ह. डॉक्टरांनी कागद फायलीला लावला, विषय संपला. तांड्यात मात्र नऊ महिन्यांखालची चार बाळं आहेत. गोवराची साथ ठरली तरच त्यांना लवकर लस मिळणार, नाहीतर नऊ महिने पूर्ण होईपर्यंत थांबायचं—आणि गोवर थोडाच थांबतो?

दिग्रसहून तांड्यावर येताना बसमध्ये तिने एक थाप जुळवून ठेवली होती—नमुना वाटेत खराब झाला. कुणाला न लागणारी, सोयीची थाप.

ओट्यावर पाच वर्षांची प्रेरणा आजीला टेकून बसली होती. पुरळ आता तपकिरी पडलं होतं. मैत्रेयीला पाहताच तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

“आता कायले आली बाई?” मानीबाई म्हणाली. “गोवर नाही म्हनून तूच सांगतलं ना?”

थाप अगदी जिभेवर होती.

“माझी चूक झाली, आजी. वार चुकीचा लिहिला मी. रक्त फार लवकर घेतलं. आज आठवा दिवस, आज घेतलं तर खरं कळेल.”

मानीबाईने नातीला आणखी जवळ ओढलं.

“चूक तुही, अन् सुई माह्या नातीले?”

बरोबरच होतं म्हातारीचं. लाजेने कान तापले... पण नवल म्हणजे, पळून जावंसं वाटेना. थाप मारली असती तर एव्हाना नजर चुकवत उठलेही असते मी.

“हो,” ती म्हणाली, “तिलेच.” आणि ओट्याखाली मातीतच तिने मांडी घातली. दुपारची बस जाईल... जाऊ दे. शिव्या दे, आजी, हाकलून दे—आज मी हलत नाही.