सासूबाईंनी निवडलेले स्क्रू

सासूबाई लेकीकडे राहायला आल्या त्याला बरेच महिने झाले होते, पण अजून कोणी त्यांना साधी लसूणसुद्धा सोलू दिली नव्हती. "आई, तुम्ही बसा," जावई म्हणायचा. "आई, तू बस ना गं," लेक म्हणायची. बसून बसून सासूबाईंना खुर्चीचा कंटाळा आला होता, आणि बहुधा खुर्चीलाही त्यांचा.

बसायची त्यांना सवयच नव्हती. सगळी नोकरी टपाल कचेरीत पत्रं निवडण्यात गेली. ढीग समोर आला की डोळ्यांआधी हात चालायचे, हे इकडे, ते तिकडे. नवरा गेल्यावर काही वर्षं त्या एकट्या राहिल्या. मग गुडघे कुरकुरायला लागले आणि लेकीने हट्टाने इथे आणलं. इथे काही म्हणता काही कमी नव्हतं. दुखणं म्हणाल तर तेच. जावई चष्म्याच्या दुकानात कामाला, स्वभावाने अगदी गरीब. सासूबाई खोलीत आल्या की हा खाली स्प्रिंग असल्यासारखा उठून उभा राहायचा आणि टीव्हीचा आवाज कमी करायचा. त्याला बरं वाटावं म्हणून त्या निमूटपणे आपल्या खोलीत परत जायच्या.

एका सुट्टीच्या दिवशी जावयाने टेम्पोतून एक मोटारसायकल उतरवली. मोटारसायकल म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं. टाकी गंजलेली, सीटचा स्पंज उंदरांनी बाहेर काढलेला, आणि किक मारली तर पाय मोडेल पण ती हलणार नाही. दुकानाच्या मालकाने गोदाम रिकामं करताना "घेऊन जा एकदाची" म्हणून गळ्यात मारलेली.

लेकीने कपाळावर हात मारला. "अरे, आपला मोरीतला नळ गळतोय, तो तुला बसवता येत नाही!"

"नळात काय मजा आहे?" जावई म्हणाला.

त्या दिवसापासून तो कामावरून आला की घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरायचा. चष्म्याच्या दांड्यांचे स्क्रू पिळण्यापलीकडे त्याने आयुष्यात काही उघडलं नव्हतं. इंजिन जाम होतं. कोणीतरी सांगितलं म्हणून त्याने प्लग काढून त्या भोकातून रॉकेल ओतलं, आणि रोज गिअर टाकून मागचं चाक पुढे-मागे ढकलत बसला. सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. एका संध्याकाळी आत काहीतरी कुरकुरलं आणि चाक फिरलं. जावई एकटाच ओरडला, "सुटलं!" खिडकीत सासूबाईंनी टाळी वाजवली. तो एकदम ओशाळला. "आवाजाचा त्रास झाला का, आई?"

झालं! पुन्हा पाहुणी.

पुढे त्याने इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडलं. निघालेले स्क्रू, नट, वॉशर जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर मांडले आणि सकाळी कामावर गेला. दुपारी सासूबाई पाय मोकळे करायला मागे गेल्या, तर हा पसारा! तेलकट, मातकट, सगळं विखुरलेलं. त्यांच्या हातांना खाज सुटली. इकडे-तिकडे बघून त्यांनी स्टूल ओढलं, जुनी चिंधी घेतली आणि कामाला लागल्या. एकेक स्क्रू पुसला. लांब लांबांत, आखूड आखुडांत, वॉशर वेगळे, नट वेगळे. मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या घासून त्यांत सगळं भरलं आणि बरण्या ओळीने लावल्या. कितीतरी दिवसांनी दुपार कशी गेली ते कळलं नाही.

जावई आला. शेडमध्ये गेला. आणि तिथून जो आवाज आला तो त्याचाच आहे हे ओळखायला सासूबाईंना एक क्षण लागला.

"हे कोणी केलं? आई! अहो, काय करून ठेवलंत हे! कुठला कुठून काढला तसा ओळीने मांडला होता मी! आठवडाभराची मेहनत! हात लावण्याआधी विचारायचं तरी एकदा!"

लेक धावत बाहेर आली. "अरे, आईशी काय बोलतोस?"

जावयाचा चेहरा खर्रकन उतरला. "आई, चुकलं. मी असं बोलायला नको—"

सासूबाई उभ्याच होत्या. खरं तर त्यांना रडू यायला हवं होतं. पण पोटातून काहीतरी उबदार वर येत होतं. या घरात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्यावर ओरडलं होतं. पाहुण्यावर कोणी ओरडत नाही.

त्यांनी कमरेवर हात ठेवले. "नको का बोलायला? बोला की! पण मग माझंही ऐका. काही सांगून गेला होतात? मला काय स्वप्न पडलं होतं? जमिनीवर कागद पसरून गेलात, वाऱ्याने उडाला असता तर वाऱ्यावर ओरडला असतात?"

 जावयाला हसू फुटलं, आवरेना. लेक आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली.

"हसून झालं असेल तर सांगा," सासूबाई म्हणाल्या, "यांतलं कोण कुठे राहतं?"

जावई खाली बसला. झाकणाची भोकं सारखी दिसतात, पण काही खोल, काही उथळ. उथळ भोकात लांब स्क्रू पिळला तर झाकणाला तडा जाणार. कुठला कुठे, ते आता देवाला ठाऊक.

"पिळूच नका," थोडा विचार करून त्या म्हणाल्या. "सगळे नुसते आत सोडून बघू."

दोघांनी बरण्या उपड्या केल्या. एकेक स्क्रू भोकात सोडला. सासूबाईंनी चष्मा नाकावर ओढला आणि कडेने नजर लावली. "हा बघा, टाचा उंच करून उभाय. हा इथला नाही. आणि तो पलीकडचा खड्ड्यात पडलाय. करा अदलाबदल." हळूहळू सगळ्यांची डोकी एका उंचीला आली. लेक दोनदा जेवायला बोलावून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने ताटंच शेडमध्ये आणली.

तिथून पुढे शेडमध्ये दोन स्टुलं. सासूबाईंनी कार्बोरेटर जुन्या टूथब्रशने घासला, टाकीत खडे आणि साबणाचं पाणी घालून ती खळखळून धुतली. जावयाने प्लगच्या वायरी बदलल्या, ब्रेक बसवले आणि वॉशर हरवले. "डोळे दुसऱ्यांना विकून आलात का?" त्या म्हणायच्या. "तेल ओतताय की अभिषेक करताय?" तो म्हणायचा. भांडणं रंगायची, आणि घरात टीव्ही आपल्या आवाजात चालू असायचा.

शेवटी पेट्रोल भरलं. किकवर किक. जावई घामाघूम. मध्येच एक फटाका फुटला, आणि मग इंजिन धडधडायला लागलं. निळ्या धुराने शेड भरलं, दोरीवरची धुतलेली चादर काळवंडली, लेक खोकत खोकत हसत होती.

"बसा, आई," जावई म्हणाला.

सासूबाईंनी पदर खोचला आणि लेकीच्या खांद्याचा आधार घेऊन मागे बसल्या. गल्ली मागे पडली. कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा हातात धरून बघत राहिला. वारा कानात शिरला, आणि सासूबाईंना आपलं वय सांगता आलं नसतं.

मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी गाडी दोनदा उचकी लागल्यासारखी हलली आणि बंद पडली.

जावयाने किक मारून पाहिली. नाही. गाडी वळवली. तो हँडल धरून पुढे, सासूबाई मागच्या बाजूने हात लावून.

"टाकीतला कचरा अडकला असणार," तो म्हणाला.

"टाकी मी धुतलीय."

"म्हणूनच म्हणतोय."

सासूबाईंनी त्याच्या पाठीत एक चापट दिली, आणि दोघं गाडी ढकलत घराकडे निघाले.