आईच्या पलीकडचा सूर

दीक्षाने फोटो स्कॅनरवर पालथा घातला, झाकण लावलं आणि हेडफोन आईच्या कानांवर बसवले.

सत्यभामाबाईंची नजर जाऊन दोन वर्षं झाली होती. दीक्षा नवा रायपुरातल्या एका स्टुडिओत ध्वनीचं काम करायची. चित्राचा आवाज करणारं सॉफ्टवेअर तिने आईसाठीच घरी आणलं होतं. ते फोटो डावीकडून उजवीकडे वाचत जाई. वस्तू जितकी उंचावर, तितका तिचा सूर वरचा. जितकी उजळ, तितका मोठा. महिनाभरात आई फोटोतली माणसं ओळखू लागली.

आजचा फोटो दीक्षाच्या पहिल्या वाढदिवसाचा होता, गोल बाजारातल्या फोटो स्टुडिओत काढलेला.

"हे तुझे बाबा," आई म्हणाली. "ही मी, कडेवर तू. अन् माझ्यानंतर हे कोण आहे? कमरेएवढं?"

दीक्षाने स्क्रीनकडे पाहिलं. आईच्या पलीकडे नुसता निळा पडदा होता.

"कोणी नाही आई. स्कॅनर में कुछ गड़बड़ है."

तिने काच पुसून फोटो पुन्हा लावला. आईने मान हलवली. सूर तिथेच होता.

मग दीक्षाने दुसरा फोटो घेतला. शाळेचा पहिला दिवस, रेल्वे क्वार्टरच्या दारात. ऐकता ऐकता आईचा हात हवेत वर गेला आणि स्वतःच्या खांद्याशी थांबला.

"इथपर्यंत आली."

"कोण आली?"

आईने हात खाली घेतला. दीक्षाला पुन्हा विचारावंसं वाटलं नाही. यामिनी, तिची मोठी बहीण, चार वर्षांची असताना तापाने गेली होती, दीक्षाच्या जन्माच्या वर्षभर आधी. घरात तिचं नाव कोणी घेत नसे.

शेवटचा फोटो मोबाइलमधला होता, दीक्षाच्या नोकरीच्या पहिल्या दिवसाचा. दोघीच, आईच्या पलीकडे रिकामी भिंत. या वेळी दीक्षाने एक हेडफोन आपल्या कानाला लावला. आधी तिचा स्वतःचा सूर आला, मग आईचा. मग भिंतीच्या जागी तिसरा, बारीक, स्थिर, दोघींहून वरचा.

"बापावर गेली," आई म्हणाली. "उंच झाली."

नको असलेला आवाज पुसायचं बटण समोरच होतं. दीक्षाने माउस तिकडे नेला.

"पुसू नको," आई म्हणाली.

"मी पुसतेय हे तुला कसं कळलं?"

"माह्यापाशी तिचा एकही फोटो नव्हता, दीक्षा."

दीक्षाने माउसवरचा हात काढून घेतला.

ऊन उतरायच्या आत तिने आईला अंगणातल्या भिंतीशी उभं केलं. मोबाइल स्टुलावर टेकवला, टायमर लावला आणि आईशेजारी जाऊन उभी राहिली. मग काहीतरी आठवून तिने आईचा दंड धरला, तिला आपल्या बाजूला जरा ओढून घेतलं आणि पलीकडे एका माणसापुरती जागा सोडली.

मोबाइल सेकंद मोजत होता. फोटो निघेपर्यंत दीक्षाने त्या बाजूला वळून पाहिलं नाही.