कापलेलं लव्हाळं

गडमुडशिंगीच्या पुढच्या गावात राजनंदिनी सरपंच झाली, तेव्हा गावतळं गाळानं बुजलेलं होतं. तिनं ते उपसून घेतलं, काठावर सोलर पॅनेल बसवले आणि त्या विजेवर पंप चालवून नदीचं पाणी तळ्यात आणलं. उन्हाळाभर तळं आटलं नाही. लव्हाळं माजलं, आणि एवढी वर्षं फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात राहिलेल्या जांभळ्या पाणकोंबड्या परतल्या.

ऑगस्टमध्ये जिल्ह्याचे अधिकारी प्रकल्प बघायला येणार होते. आदल्या दिवशी राजनंदिनी तळ्यावर गेली. पुरुषभर उंच लव्हाळ्यामागं पॅनेल झाकून गेलेले.

"भावजी, समोरचं सगळं कापून काढा. फोटोत पॅनेल यायला पाहिजेत."

तळं सांभाळणारा कृष्णात तिचा चुलत दीर. तो जागचा हलला नाही. "वैनी, आत घरटी हायती. अंडी उबायची हायती अजून."

"मग पावण्यांना काय गवत दाखवू?"

त्यानं विळा उचलला.

दुसऱ्या दिवशी पॅनेल लखलखत होते. राजनंदिनीला शाल घातली, पाखरांसाठी तिनं केलेल्या कामाचं कौतुक झालं. तेवढ्यात एक पाणकोंबडी कापलेल्या लव्हाळ्याच्या ढिगावर चढली आणि कर्कश ओरडत पेंढ्या उकरू लागली. पाहणीला आलेल्या अधिकारी बाई जवळ गेल्या. ढिगाखाली फुटकी अंडी होती.

"हे कुणी कापलं?"

राजनंदिनीनं तोंड उघडलं. सगळे मोबाईल तिच्याकडंच रोखलेले होते.

"म्या कापलं, मॅडम," मागून कृष्णात म्हणाला. "कळलं न्हाय मला."

"एवढंही समजत नाही?" बाई त्याला चारचौघांत बोलल्या. कुणीतरी हसलं. राजनंदिनी शाल सावरत उभी राहिली.

संध्याकाळी ती त्याच्या गोठ्यावर गेली. तो धार काढत होता.

"भावजी, चुकलं माझं."

"मला काय सांगताय? मला म्हाईत हाय की."

त्याच्या बायकोनं, बाळाबाईनं, नेहमीसारखा चहा दिला. तिनं कप तसाच खाली ठेवला.

सकाळी तिनं अधिकारी बाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. मग गावाच्या ग्रुपवर लिहिलं : 'लव्हाळं मीच कापायला लावलं. कृष्णात भावजी नको म्हणत होते.'

ती तळ्यावर गेली. कृष्णात पॅनेल पुसत होता.

"ती पाणकोंबडी दिसली का?"

"न्हाय."

गावातून परत जायचं जिवावर आलं. ती बांधाबांधानं घरी गेली.