लाल छत्रीच्या मागे

"लाल छत्री दिसली की मुकाट्याने मागे यायचं," असं गाईडने सहलीच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं. पुढे वाळवंटातल्या उन्हाने जीव नकोसा झाला, तेव्हा मावशींनीही बाजारात एक छत्री घेतली. नेमकी लाल! "इतिहासातलं ओ की ठो कळत नाही तुम्हाला, निदान सावलीत तरी उभ्या राहा," भावजी म्हणाले. बहिणीच्या नवऱ्याला उलटून काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात गाईडच्या तोंडाचा पट्टा सुरू असतानाच मावशींना घाईची लागली. छत्री उघडून त्या गुपचूप सटकल्या. विचारत विचारत गल्लीबोळ पालथे घातले, तेव्हा कुठे एका नक्षीदार दगडी दाराआड स्वच्छतागृह सापडलं.

मोकळ्या होऊन बाहेर येतात तर काय, अख्खी बस दारासमोर उभी! कुणी नक्षीचे फोटो काढतंय, कुणी दगडावरून हात फिरवतंय. सगळ्यात पुढे भावजी.

"आत काय आहे बघायला?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

मावशींनी शांतपणे छत्री मिटली. "एकेकाने जायचं," त्या म्हणाल्या, "आणि फोटो काढायचे नाहीत."

भावजींनी टोपी काढली आणि अदबीने आत पाऊल टाकलं.