पाण्याच्या दिवशीच चौकडी

महेश्वरीला फुटबॉलचं वावडं नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच होतं, की खेळ कुठंतरी संपावा.

ती शाळेत सातवीला मराठी शिकवायची. तिथं घंटा झाली की तास संपतो, मग धडा कुठंही आलेला असो. वर्ल्ड कपच्या सुरुवातीला सामनेही तसेच शहाण्यासारखे संपत. बरोबरी झाली तर दोघं हात मिळवून आपापल्या वाटेनं जात, आणि राजशेखर टीव्ही बंद करून जेवायला येई. पुढं बाद फेरी सुरू झाली आणि तिच्या घराची घडी बिघडली.

राजशेखर म्हणजे तिचा नवरा. सात रस्त्यापाशी त्याचं पंपांचं आणि पाइपांचं दुकान होतं. चार वर्षं तो फुटबॉलचं नाव काढत नसे आणि वर्ल्ड कप आला की महिनाभर दुसरं काही बोलत नसे. त्याचा एकट्याचा नाद तिनं कसाही निभावला असता, पण यंदा सासरेही त्याच्या शेजारी येऊन बसले. चनबसप्पांनी जन्मभर मैंदर्गीत धान्याचा व्यापार केला. सासूबाई गेल्यावर ते सोलापूरला राहायला आले, आणि दिवसभर खिडकीशी बसून कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. त्यांना देशांची नावं लक्षात राहत नसत, म्हणून ते कपड्यांवरून ओळखायचे. लाल-पांढऱ्या चौकडीच्या शर्टातला क्रोएशियाचा संघ त्यांना पहिल्याच दिवशी आवडला. चादरीचा चांगला नमुना हाय, म्हणाले. तेव्हापासून ते ‘आपले चौकडीवाले’ झाले.

आता याच चौकडीवाल्यांनी महेश्वरीचं असं काय बिघडवलं होतं, ते सांगायला हवं. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या गल्लीत तीन दिवसांआड पाणी यायचं, आणि त्या महिन्यात ते रात्री जेवणाच्या वेळेला यायचं. नळाला जोर नव्हता. मोटर लावल्याशिवाय पाणी गच्चीवरच्या टाकीत चढत नसे. हौद बांधायचं दरवर्षी ठरे आणि दरवर्षी राहून जाई. मोटर जुनी होती, हवा धरायची. तिच्यात तांब्याभर पाणी ओतायचं, मागचा पंखा स्क्रू ड्रायव्हरनं फिरवायचा आणि आत पाणी गुरगुरलं की चटकन बटण दाबायचं. ही कला घरात एकट्या राजशेखरला साधली होती. दिवसभर लोकांना नव्या मोटरी विकणाऱ्या माणसाच्या घरी ही मोटर होती. बदलू की, आपल्याच दुकानातली आणायची, घाई काय, असं त्याचं उत्तर ठरलेलं.

आणि चौकडीवाल्यांचा बाद फेरीतला पहिला सामना, जपानबरोबरचा, नेमका पाण्याच्या दिवशी आला.

त्या दिवशी राजशेखरनं मध्यंतरात येऊन मोटर चालू केली, तोंडभर हसला आणि परत जाऊन बसला. महेश्वरी स्वयंपाकघरात पिण्याचं पाणी गाळून घागरींत भरत होती. सामना संपायची वेळ झाली तरी आतून कुणी उठेना. तिनं डोकावून विचारलं, तर राजशेखर म्हणाला की बरोबरी झाली आहे, आता जादा वेळ. जादा वेळही संपला, तर म्हणाला, आता पेनल्टी. तोवर गच्चीवरची टाकी भरून वाहत होती आणि त्याची दोघांनाही दाद नव्हती. शेजारच्या भुवनेश्वरीकाकूंच्या दोरीवर त्यांच्या लेकीच्या बाळंतपणासाठी उसवून धुतलेल्या गोधड्या होत्या. सगळं पाणी त्यांच्यावर. काकू दारात आल्या. भांडल्या नाहीत. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, महेश्वरीकडे पाहिलं, आणि पाणी जास्त झालं असेल तर आमच्याकडे पाइप सोडत जा, एवढंच म्हणून गेल्या. तीन दिवसांआड पाणी येणाऱ्या गल्लीत याच्याइतकं लागणारं बोलणं दुसरं नव्हतं. महेश्वरी धावत जाऊन मोटर बंद करून आली तेव्हा बापलेक एकमेकांच्या हातावर टाळी देत होते. चौकडीवाल्यांच्या गोलकीपरनं तीन-तीन पेनल्ट्या अडवल्या होत्या.

“नव्वद मिनिटांचा खेळ म्हणाला होतात,” ती म्हणाली.

राजशेखरनं तिला समजावून सांगितलं, की बाद फेरीत बरोबरी चालत नाही, एकाला घरी जावंच लागतं, निकाल लागेपर्यंत खेळायचं. गोधड्यांचं काय, ते त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी महेश्वरीनंच त्या परत धुऊन दिल्या, त्याच टाकीतल्या पाण्यानं.

पुढचा सामना ब्राझीलशी. तोही पाण्याच्या दिवशी. यावेळी तिनं आधीच बजावलं. राजशेखरनं शब्द दिला की काहीही होवो, पाणी आलं की उठणार. पाणी त्या रात्री उशिरा आलं. गल्लीत कुणीतरी कानडीत ‘नीर बंतु’ म्हणून हाळी दिली, घराघरांतल्या मोटरी सुरू झाल्या आणि महेश्वरी पाइप लावून उभी राहिली. राजशेखर आतून म्हणाला, पाच मिनिटं. दोन्ही बाजूंना एकही गोल नव्हता. पाच मिनिटांची दहा झाली, जादा वेळ सुरू झाला. तिनं स्वतः तांब्यानं पाणी ओतून, पंखा फिरवून पाहिला. मोटर नुसती हुंदके देई आणि गप्प बसे.

मग ब्राझीलनं गोल केला. चनबसप्पांनी डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली. राजशेखर म्हणाला, संपलं आता, आणि खरोखर उठून बाहेर आला. त्यानं तिच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला, वाकला, पंखा फिरवला. मोटर गुरगुरायला लागली. तेवढ्यात आतून सासऱ्यांची हाक आली, “राजा, बा इल्ली. लगेच ये, चौकडीनं फेडला की गोल.”

राजशेखरनं स्क्रू ड्रायव्हर महेश्वरीच्या हातात दिला आणि तो पळाला. बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं. तिनं दाबलं तेव्हा मोटर परत थंड झाली होती. आत पेनल्ट्या सुरू झाल्या, बाहेर एकेका घरातली मोटर बंद होत गेली, आणि मग नळ फुसफुसून कोरडा पडला. टाकीत तळाला वीतभर पाणी होतं.

ती आत गेली तेव्हा ब्राझील बाद झालं होतं आणि राजशेखर आनंदानं उभा होता. तिचा चेहरा पाहून तो खाली बसला. ती ओरडली नाही. उद्यापासून आंघोळीला एक तांब्या मिळेल, म्हणाली, आणि झोपायला गेली.

ते दिवस तिनं दात आवळून काढले. शाळेतून आली की धुण्याचा ढीग, मोरीत भांडी, आणि राजशेखर दुकानातल्या पिंपातून कॅन भरून आणायचा तेही अपराधी चेहरा करून. त्या चेहऱ्याचा तिला जास्त राग यायचा. चिडायचीसुद्धा सोय ठेवत नव्हता माणूस. शेवटी एके दुपारी शाळा सुटल्यावर ती घरी न जाता सात रस्त्याला उतरली. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. ती त्यांच्या मागं रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा राजशेखर गोंधळून म्हणाला, “तू इथं कशी?”

“मोटर पाहिजे,” ती म्हणाली. “टाकी भरली की आपोआप बंद होणारी. हवा न धरणारी. नुसतं बटण दाबलं की चालू झाली पाहिजे.”

“अगं, आपण बघू ना घरी—”

“घरी मोटर चालू करणाऱ्या माणसाचा भरवसा राहिलेला नाही. म्हणून दुकानात आले.”

गिऱ्हाइकं छताकडे बघायला लागली. राजशेखरनं मागच्या फळीवरचा खोका काढला, आणि सवयीनं त्याच्या तोंडून सगळं बाहेर पडायला लागलं: तांब्याचं वाइंडिंग, कमी व्होल्टेजलाही चालते, दोन वर्षांची गॅरंटी. बोलता बोलता आपण कुणाशी बोलतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचे कान लाल झाले. महेश्वरीनं मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. हे सगळं त्याला माहीत होतं, पाठ होतं, आणि तरी इतकी वर्षं ती तांब्या घेऊन उभी राहत आली होती. हसावं की रडावं, तिला कळेना.

मोटर त्याच संध्याकाळी बसली. पुढच्या पाण्याच्या दिवशी तिनं बटण दाबलं, टाकी भरली, मोटर आपली आपण थांबली. चौकडीवाल्यांचा उपांत्य सामना त्याच दिवशी होता, पण मध्यरात्री. ती ढाराढूर झोपली होती. सकाळी चनबसप्पा चहाचा कप समोर ठेवून बसलेले दिसले. चौकडीवाले तीन गोलांनी हरले होते. त्या दिवशी त्यांनी कपडेच बदलले, काळपट घातले, तितंच चुकलं, असं म्हाताऱ्याचं मत होतं. महेश्वरीनं त्यांच्याविषयी हळहळ दाखवली आणि मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. बाद म्हणजे बाद. सुटलो.

संध्याकाळी राजशेखर तिच्याभोवती उगाच घुटमळू लागला. भाजी निवडायला बसला. मग हळूच म्हणाला की शनिवारी अजून एक सामना आहे चौकडीवाल्यांचा.

“हरले ना ते?”

“हरलेल्या दोघांचा असतो. तिसऱ्या नंबरासाठी.”

तिनं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. बरोबरी चालत नाही, एकाला घरी जावंच लागतं, हे याच माणसानं तिला तोंड वर करून सांगितलं होतं. आता हरलेलेही घरी जात नव्हते. आणि शनिवार हा पाण्याचा दिवस, हे तिला कॅलेंडर न बघताही ठाऊक होतं.

शनिवारी राजशेखर मात्र घरी नव्हता. माढ्याच्या एका गिऱ्हाइकाची उसातली मोटर जळाली होती आणि त्याला दुपारीच जावं लागलं. जाताना त्यानं तीनदा सांगितलं, की वडलांना टीव्ही लावून दे, त्यांना रिमोट जमत नाही. म्हणजे पाणीही तिचं आणि फुटबॉलही तिचाच.

तिनं टीव्ही लावला. पाणी आलं, बटण दाबलं, घागरी भरल्या. नव्या मोटरीमुळं तिला पाण्याच्या वेळी दुसरं काही काम उरलं नाही. बसवेना. दोनदा गच्चीवर जाऊन टाकी बघून आली. दुसऱ्यांदा खाली आली तोवर दोन्हीकडून एकेक गोल झाला होता.

“यव्वा, बस की घटकाभर,” चनबसप्पा म्हणाले. “मोटर काय पळून जात न्हाय.”

ती खुर्चीच्या कडेवर बसली. मध्यंतराच्या जरा आधी चौकडीतल्या एकानं लांबून वळवून बॉल मारला, तो खांबाला लागून आत गेला. म्हाताऱ्यानं समाधानानं मान डोलावली, लई बेस, म्हणाले, भिंतीला टेकले, आणि उत्तरार्ध सुरू व्हायच्या आत घोरू लागले.

महेश्वरी बघत राहिली. ज्यांच्यापायी हा सगळा खटाटोप, ते झोपले. तिनं आवाज कमी केला, तर त्यांचे डोळे किलकिले झाले. परत वाढवला, तर घोरणं सुरू. टीव्ही बंद केला असता तर ते नक्की जागे झाले असते, आणि सकाळी पहिला प्रश्न आला असता, पुढं काय झालं. राजशेखरला ठाऊक नसणार. मग सांगणार कोण? म्हणून ती चरफडत बसली. कुठला देश, कुठला तिसरा नंबर, आणि जुळे सोलापुरात ती एकटी जागी राहून त्याची राखण करत होती.

चौकडीतला एक जण पाय धरून खाली बसला आणि रडत बाहेर गेला, तेव्हा तिला त्याचं वाईट वाटलं. दुसऱ्याला गोलच्या तोंडाशी पाडलं, तरी शिट्टी वाजली नाही. हे तिच्या वर्गात घडलं असतं तर तिनं दोघांनाही उभं केलं असतं. शेवटी शेवटी समोरच्यांनी उंच आलेल्या बॉलवर डोकं मारलं आणि तो आडव्या दांडीच्या जरासा वरून गेला. ती केव्हा उभी राहिली ते तिला कळलं नाही. जादा वेळ नको, पेनल्टी तर नकोच, एवढंच तिच्या मनात होतं. पंचानं शिट्टी वाजवली. सामना वेळेत संपला होता.

थोड्या वेळानं मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. त्या आवाजानं चनबसप्पा जागे झाले, आणि घाईनं त्यांनी काय झालं ते विचारलं. तिनं सांगितलं, चौकडीवाले जिंकल्याचं, रडणाऱ्याचं, शिट्टीचं, दांडीवरून गेलेल्या बॉलचं. तेवढ्यात राजशेखर आत आला. अंगावर माढ्याची धूळ, शर्टाला ग्रीस.

“काय झालं?” त्यानं दारातूनच विचारलं. मोटरचं विचारलं नाही.

महेश्वरी भाकरी गरम करायला आत गेली. बाहेर चनबसप्पा ताठ बसून मुलाला उत्तरार्ध सांगत होते, सगळा डोळ्यांनी पाहिल्यासारखा. पाय दुखावलेला समोरचा होता म्हणाले. गोलच्या तोंडाशी पाडलं तेव्हा पेनल्टी मिळाली, पण ती हुकली, म्हणाले. राजशेखर मान हलवत ऐकत होता.

महेश्वरीनं तव्यावरची भाकरी उलटली. गप्प बसायचं असं तिनं ठरवलं होतं. मग तिला राहवेना.

“पेनल्टी नाही मिळाली, मामा,” ती आतून म्हणाली. “शिट्टीच वाजवली नाही त्या पंचानं. आणि रडणारा आपला होता.”

राजशेखर उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आला, आणि शिट्टी का वाजवली नाही ते विचारू लागला.

“हात धुवा आधी,” ती म्हणाली. “पाणी आहे.”