धरणाखालचं धुणं

"मावशी, ह्या चादरी धुतल्यात की मळवल्यात?"

दवाखान्याच्या मोठ्या सिस्टरनी गाठोडं टेबलावर सोडलं आणि वरची चादर खिडकीच्या उजेडात धरली. धुणं घेऊन आलेल्या धाकटीनं तिचं दुसरं टोक पकडलं. डाग कुठंच नव्हता. डाग असता तर तिनं तो कुणाच्या तरी नावावर खपवला असता. पण सगळ्या चादरीला सारखीच एक झाक होती, तांबूस, उतरतं ऊन भिंतीवर रेंगाळावं तशी.

"तीस वर्षं धुते मी, सिस्टर."

"म्हणून तर विचारतेय. दुसरी कुणी असती तर विचारलं नसतं, काढूनच टाकलं असतं."

धाकटीनं गाठोडं पुन्हा डोक्यावर घेतलं. केस पिकले, लेकीला मूल झालं, तरी गावाला ती धाकटीच होती. धरणाच्या चाकवाल्याची धाकटी बहीण. बाप त्या धरणाचा राखणदार होता आणि आई धरणाच्या पायथ्याशी कपडे धुवायची. बाप गेल्यावर दादाकडं तळाचं दार उघडायचं चाक आलं आणि हिच्याकडं धुण्याचा दगड. म्हातारा मरताना एवढंच म्हणाला होता, "वरचं त्यानं बघावं, खालचं हिनं."

धरण कसलं, मातीचा एक लांबलचक डोंगरच तो, खाली पायथ्याला दगडी भिंतीची किनार घातलेला. त्या भिंतीतून एका जागी बोटभर पाझर यायचा. बांधणाऱ्यांनीच तिथं दगडी तोंड बसवलं होतं, कारण एवढं पाणी अडवलं की त्याला थोडा घाम येणारच. तोच घाम धाकटीचं पोट भरायचा. गावातल्या नळाला गंज असे, विहिरीला क्षार. पण ह्या पाझराला ना रंग, ना वास. त्यात धुतलेला कपडा दोरीवर नुसता बोलायचा.

ती दगडापाशी आली. बादली तोंडाखाली लावली आणि सवयीनं आईचं गाणं ओठांवर आलं.

पाणी निघालं पाणी, दगडाच्या घरातून
त्याच्या पायाला ना माती, त्याच्या अंगाला ना ऊन
भर माझी गं बादली, पण सावकाश बाई
थोरला निजलाय मागं, त्याला जाग आली नाही

चार ओळी संपल्या की बादली भरायची. आईच्या वेळीही तेवढंच, हिच्या वेळीही तेवढंच. आज तिसऱ्या ओळीलाच बादली वाहिली.

धाकटी थबकली. तिनं बादली ओतली, पुन्हा लावली, पुन्हा म्हटलं. सावकाश बाई, आणि पाणी काठावरून सांडलं. तिनं पोलक्यातला पांढरा रुमाल काढून धारेखाली धरला, शंभर आकडे मोजले. रुमालाच्या मधोमध पिठासारखी बारीक तांबडी माती बसली होती.

इतकी वर्षं हे गाणं ती नुसतं म्हणत होती. ते काय सांगतं, हे आज पहिल्यांदा ऐकलं: थोरला म्हणजे भिंतीमागचं सगळं पाणी.

दादा वर बांधावर चाकाला तेल देत होता. धरण काठोकाठ भरलं होतं. रविवारी धरणाला शंभर वर्षं पुरी होणार होती, मोठी माणसं यायची होती, आणि पाणी काठाला लागलेलं दिसलं पाहिजे म्हणून तळाचं दार महिनाभर बंद ठेवायचा हुकूम होता.

"का गं, चढ चढून आलीस? गुडघे उसने आणलेस का?"

"उसने नाहीत, तुझ्यासारखे तेल खाणारेही नाहीत. हा रुमाल बघ."

दादानं रुमाल बोटांत चुरला, जिभेला लावला आणि थुंकला. चेष्टा त्याच्या तोंडावरून पुसली गेली. तो पायाखाली बघायला लागला, जणू अंगण नेहमीचंच, पण आज आतून कुणी खरवडतंय.

"कधीपासून?"

"चादरी परत आल्या त्या परवाच्या. आज तीन ओळींत भरली."

"ही माती बाहेरची नाही, धाकटे. बांधाच्या पोटातली आहे."

पाणीखात्याचे साहेब मंडपाच्या खांबांना रंग कोणता द्यावा ह्या विचारात होते. त्यांनी रुमाल हातात घेतला नाही, लांबूनच बघितला.

"अहो, हे धरण तुमच्या-माझ्या जन्माआधीपासून गळतंय."

"गळतंय, साहेब, पण स्वच्छ गळत होतं," दादा म्हणाला. "वाटलं तर मी माझ्या हातानं थोडं दार उघडतो. चार हात पाणी उतरू दे."

"आणि पाहुण्यांना काय दाखवू, चिखल?"

"बादली आधी चार ओळींत भरायची, साहेब," धाकटी म्हणाली.

"कसल्या ओळी?"

तिनं सांगितलं. साहेब हसले. वाईट नाही हसले. घरच्या म्हातारीला हसावं तसे. "मावशी, आता गाण्यावर धरण चालवायचं का? तुम्हाला गळती नको ना? उद्या गवंडी पाठवतो. पाहुण्यांसमोर ती ओल तशीही बरी दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गवंडी आला आणि दगडी तोंड सिमेंटनं बुजवून, वरून सुबक घोटून गेला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

तिसऱ्या दिवशी धाकटी गाठोडं घेऊन आली तेव्हा पायथा कोरडा ठणठणीत होता. इतक्या वर्षांत तिनं तिथली शांतता ऐकलीच नव्हती. तान्ह्याचं रडणं एकदम थांबलं की आईच्या काळजात होतं तसं तिला झालं. खाली आळीत धूर निघत होता, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. आळीच्या तिसऱ्या घरात तिची लेक बाळंतीण होती, अकरा दिवसांची. इथून आरोळी मारली तर तिथं ऐकू जाईल एवढंच अंतर.

ती भिंतीच्या कडेनं चालत निघाली. वीस पावलांवर, जिथं उन्हाळ्यात गवतसुद्धा करपायचं, तिथं तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. पाय काढला. खड्ड्यात तांबडं पाणी भरलं, आणि त्यातून हळूहळू, भाताला आधण यावं तसे बुडबुडे यायला लागले.

ती बांध कशी चढली हे तिला नंतर आठवेना.

"दादा, थोरला जागा झालाय."

दादानं विचारलं नाही कोण थोरला. गाणं त्याच्याही आईचंच होतं. तो चाकापाशी गेला, हुकुमाचा कागद खिशातून काढून तेलाच्या डब्याखाली ठेवला. मग दोघांनी दोन बाजूंनी चाक धरलं. महिनाभर मिटलेलं दार हलेना. दादाच्या मानेच्या शिरा फुगल्या.

"गाणं म्हण," तो दातांतून म्हणाला. "जोर एकदम लागू दे."

ती म्हणाली. एकेका ओळीला एक जोर. तिसऱ्या खेपेला कुठंतरी खोल लोखंड कण्हलं, चाक वीतभर फिरलं, आणि धरणाखालून ओढ्यात पाण्याचा लोट असा सुटला की झाडावरची पाखरं एका अंगानं उठली.

अर्ध्या तासात गाव जमलं. कुणी म्हणालं, उन्हाळ्याचं पाणी ओढ्यात ओतलं. कुणी म्हणालं, ह्या बहीण-भावाला भूतबाधा झाली. साहेब धावत आले, एक चप्पल वाटेत सुटलेली.

"बंद करा आधी ते!"

"आधी खाली येऊन तो खड्डा बघा, साहेब," दादा म्हणाला. "मग तुमच्या हातानं बंद करा. मी अडवणार नाही."

साहेब खड्ड्यापाशी गेले. काठी घातली. काठी पुरी आत गेली, हातासकट. मग चाकाला त्यांनीही हात लावला नाही.

पाणी दोन दिवस वाहत राहिलं. बुडबुडे विरले, खड्डा निवला. धाकटीनं छिन्नी-हातोडीनं सिमेंट फोडलं, आणि पाझर परत आला, बारीक, स्वच्छ. रविवारी समारंभ झाला. पाहुण्यांनी अर्ध्या रिकाम्या तलावाकडं पाठ करून भाषणं केली. शंभर वर्षांत ह्या धरणाला ओरखडा उठला नाही, असं सांगितलं, टाळ्याही पडल्या. दादा मंडपात नव्हता. हुकूम मोडला म्हणून त्याला शनिवारीच घरी बसवलं होतं. खड्डा दगडमातीनं भरून वरून फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या होत्या.

"फुटलं असतं तर देव केला असता मला," दादा ओसरीवर बसून म्हणाला. "फुटलं नाही, म्हणून चोर."

"देव झाला असतास, पण फुलं वाहायला कोण उरलं असतं?"

तो हसला. त्या आठवड्यातलं ते पहिलं हसू.

पुढं पावसाळा आला, गेला. चाकावर नवा माणूस आला. भला आहे, पण हुकमाचा ताबेदार. दार बंद आहे, पाणी पुन्हा चढतंय. पाणीखातं दर महिन्याला कागद लिहितं, सर्व ठीक. पण खालच्या आळीतल्या बाया चूल पेटवण्याआधी उंबऱ्यात उभ्या राहून वर पायथ्याकडं बघतात, धाकटीच्या दोरीकडं. पहिली चादर पांढरी दिसली की चूल पेटते. तांबडी दिसली तर काही विचारायचं नाही, लेकरं काखेत मारायची आणि टेकाडावरच्या शाळेत जायचं, हे ठरलेलं आहे. ठरवायला सभा लागली नाही.

ती जुनी तांबूस चादर सिस्टरनी तिलाच देऊन टाकली होती. ट्रंकेत तळाशी असायची.

आज सकाळी धाकटीनं बादली लावली. पहिली ओळ. दुसरी. तिसरी. थोरला निजलाय मागं, त्याला जाग—

ओळ संपायच्या आतच पाणी काठावर आलं.

तिनं रुमाल धरला. स्वच्छ होता. पुन्हा धरला. स्वच्छच. तिनं पांढरी चादर पिळली, झटकली, दोरीवर टाकली. खाली आळीत एकेक करत धूर उठला.

मग ती घरी गेली आणि ट्रंक उघडून तळातली ती तांबूस चादर घेऊन आली. पाटीत, सगळ्या धुण्याच्या वर, हाताला पटकन लागेल अशी ठेवली.