वाचून कढवलेलं तूप

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. याच घरात, याच स्वयंपाकघरात एका बाईनं आठ वर्षं नाकाशिवाय स्वयंपाक केला!

"नाकाशिवाय?" सरोजिनीनं सुपातले तांदूळ पाखडणं थांबवलं. ती आमच्या चिंतामणराव वकिलांची सून. लग्न होऊन या घरात आली ती दोनच आठवड्यांपूर्वी. "चंद्रभानभाऊ, तुमी आज सकाळपासूनच सुटले!"

"नाक होतं वो, चांगलं चाफेकळीसारखं होतं. पण आत काहीच येत नोतं."

शेजारी आरामखुर्चीत वकीलसाहेब डोळे मिटून पडले होते. त्यांचा मुन्शी म्हणून मी सोळा वर्षं कागद लिहिले. ते झोपले की माझ्या गोष्टींना पाय फुटतात. शिवाय त्या बाई, अनसूयाबाई, वारून आता महिना झाला होता. बोलायला हरकत नव्हती.

अनसूयाबाई घरच्या स्वयंपाकीणबाई. बालविधवा, सोवळ्यातल्या. पंचावन्न साली त्यांना विषमज्वर झाला. एकवीस दिवसांनी उठल्या, तेव्हा जिभेची चव परत आली होती, पण वास मात्र कायमचा गेला. आता या घरात नैवेद्याआधी काही चाखायचं नाही. पळीला जीभ लागली की उष्टं. म्हणजे बाईंचा सगळा कारभार नाकावर. मसाला भाजला किती, वरणाला हिंग पोचला का, सगळं नाक सांगायचं.

पहिल्याच आठवड्यात तूप करपलं. पाणी प्यायला मी मागल्या दारी गेलो, तर बाई काळ्या बेरीकडं पाहत बसलेल्या.

"काकू, काहून रडून राहिल्या?"

"रडत नाही रे. जळत होतं आणि मी इथंच बसली होती. मले कळलंच नाही." मग त्यांनी हात जोडले. माझ्यापुढं, त्या वयाच्या बाईनं! "वकिलांना सांगू नको. अकोल्याले भावाकडं जिन्याखाली जागा आहे माझी. एक महिना राहून आली मी तिथं."

मी काय करणार? मला नाक काढून देता येत नव्हतं. पण कायद्याच्या पुस्तकांच्या फळीवर एक जुनं पुस्तक होतं, खाण्यापिण्यावरच्या लेखांचं. वाळवीनं लेखकाचं नाव खाल्लं होतं. बहुतेक तेवढंच चविष्ट लागलं असावं. तोवर मी वादी-प्रतिवादी सोडून काही वाचलेलं नव्हतं. चाळायला उघडलं आणि तिथंच उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंबऱ्याबाहेर बसलो, बाई आत चुलीशी, आणि वाचलं:

'तूप कढू लागले की बडबडते. त्याला बोलू द्यावे. मग आवाज बारीक होतो, बेरी बदामी दिसते, आणि तूप एकाएकी ऐकू लागते. त्याच क्षणी उतरवावे. त्यानंतर ते जे बोलेल ते रागाने.'

बाई कान लावून बसल्या. कढईतली कुजबुज थांबली तशी त्यांनी झटकन कढई उतरवली. तूप सोन्यासारखं.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

"आता कायले? झालं ना तूप."

"तुपासाठी नाही. असंच."

मग रोज एक पान. त्या लेखकाला सगळं डोळ्यांनी आणि कानांनी कळायचं. मोहरी किती वेळ तडतडते, कढीला उकळी येण्याआधी कडेनं कशी सुरकुती पडते. निखाऱ्यावरच्या वांग्याबद्दल त्यानं लिहिलं होतं, 'झोपलेल्या लेकराची मूठ सुटावी, तशी साल सैल पडते.' बाईंचा हात थांबला. म्हणाल्या, "या माणसानं लेकरू निजवलंय रे कधीतरी." आणि मग हळूच, "वास आला मले. खरंच आला."

एकदा पुस्तकातलं पान गळालं, म्हणून रोडग्यांवर मी मनचंच ठोकून दिलं. गोवऱ्यांच्या आरात रोडगे असे फुलले, तसे फुलले. बाई हसल्या. "हे त्याचं नाही. तो भुकेला आहे. तू नुसता बढाईखोर."

अक्षर न येणारी बाई, पण तिनं मला लिहिणाऱ्याची पारख शिकवली. आज साधं वरण वाढलं तरी मी आधी त्याचा रंग पाहतो, मग वाफ पाहतो, मग जेवतो. एका घासाचे तीन घास होतात. हे त्या दोघांचं देणं. एकाचं नाव वाळवीनं खाल्लं. दुसरी मागच्या महिन्यात गेली, पण शेवटपर्यंत याच घरात राहून.

"आणि स्वयंपाक?" सरोजिनीनं विचारलं.

"असा, की फोडणी पडली की दर्यापूरची मोटार दारात थांबायची! कंडक्टर वाटी घेऊन उतरायचा."

"मोटारीचा रस्ता इथून जातच नाही!"

"तेव्हा जायचा. पण खरी कमाल पुढंच आहे, सूनबाई. मी इतक्या हळू वाचायचो की चुलीजवळची मांजरही उठत नसे. आठ वर्षं! आणि वकीलसाहेबांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही."

"खोटं."

आरामखुर्चीतून आवाज आला. साहेबांचे डोळे मिटलेलेच होते.

"साफ खोटं बोलून राहिला, चंद्रभान. तू कोर्टात पुकारा करणाऱ्या शिपायासारखा वाचायचास, आणि देवघराच्या पलीकडं स्वयंपाकघर, मधे एक भिंत. त्याच आठवड्यात कळलं मला. पण विचारलं असतं तर त्या बाईनं दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधलं असतं." त्यांनी एक डोळा उघडला. "आठ वर्षं पूजेला बसलो मी तिथं. तुझं पान वाचून व्हायच्या आधी नैवेद्याची घंटा वाजवली का रे कधी?"